देवगड ते महाल : एका पेठेचा इतिहास आणि तिचे जतन

सौसर आणि पांढुर्णा या दोन गावांचे नागपूरशी असलेले नाते केवळ बाजारहाटाचे नाही. १९१३ साली सुरू झालेली छिंदवाडा–नागपूर नॅरोगेज गाडी रामाकोना, सौसर, लोधीखेडा या स्थानकांवरील प्रवाशांना घेऊन सावनेरमार्गे नागपूरच्या इतवारी स्थानकावर पोहोचत असे. पांढुर्ण्याचा प्रवासी इटारसी–नागपूर मार्गावरील गाडीने नरखेड, काटोल ओलांडून मोठ्या स्थानकावर उतरे. वाटा दोन असल्या तरी लग्नाचा बस्ता, दागदागिने, पूजेची भांडी, मुलांची पुस्तके अशा खरेदीसाठी दोघांचीही पावले अखेर जुन्या नागपुराकडे, म्हणजे इतवारी आणि महालाकडे वळत. २०१५ साली ती छोटी गाडी बंद झाली आणि पुढे त्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. गाडी बदलली, सीमा बदलली, महालही पुष्कळ बदलला. हा बदल समजून घेण्यासाठी या पेठेच्या इतिहासाकडे पाहणे आवश्यक आहे. तो इतिहास नागपुरात सुरू होत नाही. त्याचा उगम छिंदवाडा जिल्ह्यातील देवगडच्या डोंगरावर आहे.

देवगडचे राज्य आणि नगराची स्थापना

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा देवगड किल्ला छिंदवाडा शहराच्या नैर्ऋत्येस, मोहखेड विकासखंडात आहे. अकबराच्या काळात येथे जाटबा नावाचा गोंड राजा राज्य करीत होता. त्याच्या वंशातील बख्त बुलंद हा या राज्याचा सर्वांत कर्तबगार पुरुष होय. १६८६ च्या सुमारास तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, त्याने इस्लाम धर्म स्वीकारला आणि गादीवरील आपला हक्क पक्का करून तो परतला. मोगल साम्राज्याचे वैभव त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. आपल्या राज्यातही वस्ती वाढावी, शेती सुधारावी आणि कारागिरी भरभराटीस यावी, अशी इच्छा त्याच्या मनात त्या दर्शनाने निर्माण झाली असावी. कुशल शेतकरी आणि कारागीर यांना त्याने निरनिराळ्या प्रांतांतून बोलावून आपल्या राज्यात वसविले.

जुन्या गॅझेटियरांत छिंदवाडा जिल्ह्याचे दोन भाग सांगितले आहेत. घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो झेरघाट. सौसर तहसील, आणि तिच्यात त्या काळी मोडणारे पांढुर्णा, झेरघाटात येत. बख्त बुलंदाची दृष्टी घाटाखालच्या या सुपीक काळ्या जमिनीकडे आणि तिच्याही दक्षिणेस पसरलेल्या मैदानाकडे वळली. नाग नदीच्या काठी 'राजापूर बारसा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा लहान वस्त्या होत्या. त्या एकत्र करून त्याने नव्या नगराची स्थापना केली. परंपरेने या घटनेचे वर्ष इ. स. १७०२ मानले जाते.

बख्त बुलंदाचा वारस चाँद सुलतान याने राजधानीच देवगडाहून नागपुरास आणली. त्याने नगराभोवती तट उभारला आणि पश्चिमेस पाणी अडवून विस्तीर्ण तलाव बांधविला. जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव आणि आता गांधीसागर अशी तीन नावे या एकाच जलाशयाने धारण केली आहेत. तलावाकडील वेशीचा दरवाजा तो जुम्मा दरवाजा. लोक आज त्याला गांधी गेट म्हणून ओळखतात. नागपूरचा हा सर्वांत जुना भाग गोंड राजांनी आखला, ही गोष्ट महालाच्या इतिहासात बहुधा पहिल्या दोन ओळींत उरकली जाते. झेरघाटातील वाचकाने मात्र तिच्यापाशी थोडे थांबावयास हवे. महालाचा पाया देवगडच्या राज्यकर्त्यांनी घातला आणि तोही घाटाखालच्या मैदानाची किंमत ओळखून.

भोसल्यांचा महाल

चाँद सुलतानाच्या मृत्यूनंतर गादीसाठी तंटे सुरू झाले. वली शाहने सत्ता बळकाविली, तेव्हा चाँद सुलतानाच्या विधवा राणीने वऱ्हाडात असलेल्या रघूजी भोसले यांची मदत मागितली. रघूजींनी प्रथम वारसांना गादीवर बसविले, परंतु भावाभावांतील कलह शमेना. अखेर १७४३ च्या सुमारास राज्यकारभार रघूजींच्या हाती आला आणि गोंड राजा नेमणूक घेऊन नामधारी राहिला. येथून नागपूर हे मराठ्यांच्या पूर्वेकडील मोहिमांचे केंद्र बनले. बंगालच्या स्वाऱ्या येथूनच निघाल्या आणि १७५१ साली ओडिशा प्रांत भोसल्यांच्या ताब्यात आला.

सत्तेबरोबर माणसेही आली. सरदार, चिटणीस, फडणीस, मुनशी, पुरोहित, वैद्य, सराफ, शिलेदार यांची घरे राजवाड्याच्या आसपास उभी राहिली. राजवाड्यावरूनच या भागास 'महाल' हे नाव मिळाले. बाजार ज्या दिवशी भरे त्या वारावरून पेठांची नावे रूढ झाली : इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. आजही नागपूरकर पत्ता सांगताना आठवड्याचे वार सांगतो, ते या बाजारांमुळे. आठवड्याचा बाजार झेरघाटातील गावांच्या परिचयाचा असल्यामुळे सौसर-पांढुर्ण्याहून येणाऱ्या माणसाला ही नावे कधी परकी वाटली नाहीत.

दुसरे रघूजी यांच्या कारकिर्दीत (१७८८–१८१६) महालाचे वैभव शिखरास पोहोचले. काळ्या पाषाणाचा आणि कोरीव लाकूडकामाने नटलेला राजवाडा हे त्या वैभवाचे केंद्र होते. संस्कृतचे थोर युरोपीय अभ्यासक हेन्री कोलब्रूक हे १७९९ ते १८०१ या काळात कंपनीचे वकील म्हणून याच नगरात राहिले. नागपुरी संत्र्याचे मूळही या कारकिर्दीत सापडते असे मानतात. दुसऱ्या रघूजींनी औरंगाबादेकडून संत्र्याची रोपे आणवून आपल्या बागेत लावली आणि तेथून ते फळ प्रांतभर पसरले, असे सांगितले जाते. पांढुर्णा आणि सौसर येथील आजच्या बागाईतदाराच्या ओंजळीत जे फळ आहे, त्याची परंपरा अशा रीतीने भोसल्यांच्या बागेशी जाऊन मिळते. देवगडाने नागपूर वसविले आणि नागपूरने झेरघाटास संत्रा दिला, अशी ही देवघेव आहे.

दरवाजाने पाहिलेला रणसंग्राम

महालाच्या इतिहासातील सर्वांत कठीण दिवस १८१७ च्या हिवाळ्यात आले. २६ आणि २७ नोव्हेंबर रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर कंपनीच्या फौजेशी भोसल्यांच्या सैन्याची लढाई झाली आणि तीत भोसल्यांचा पराभव झाला. १६ डिसेंबरला दुसरी लढाई झाली. अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तरी भोसल्यांच्या पदरी असलेल्या अरब शिपायांनी शहर सोडण्यास नकार दिला. राजवाडा आणि तटाच्या आतील वस्ती त्यांनी धरून ठेवली. २४ डिसेंबर रोजी जनरल डव्हटन याच्या फौजेने जुम्मा दरवाजावर हल्ला चढविला. तो हल्ला अरबांनी परतविला. कंपनीला तोफांच्या आणि संख्येच्या बळावर हा दरवाजा जिंकता आला नाही. अखेर अटी ठरवून डिसेंबरअखेर अरब बाहेर पडले, तेव्हाच शहर हाती आले.

पुढच्याच वर्षी अप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेतून निसटले. त्यांनी आश्रय घेतला तो महादेवाच्या डोंगरात, म्हणजे छिंदवाड्याच्या उत्तरेकडील सातपुड्यात. हर्रईचा चैन शाह आणि अन्य गोंड जमीनदार त्यांच्या बाजूने उभे राहिले. गोंड राजघराण्याची सत्ता ज्या भोसल्यांकडे गेली होती, त्याच घराण्यातील पदच्युत राजाला गोंडांनी संकटकाळी आसरा द्यावा, ही घटना विचार करावयास लावणारी आहे. दोन राजवटींमधील संबंध केवळ जेता आणि जित असा नव्हता, याची साक्ष तीत मिळते.

याच उलथापालथीनंतर नागपूरच्या इतिहासलेखनाचा आरंभ झाला. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या सांगण्यावरून काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी भोसल्यांची बखर लिहिली. जेंकिन्सचा स्वतःचा अहवाल १८२७ साली प्रसिद्ध झाला. पुढे यादव माधव काळे यांनी विसाव्या शतकात नागपूर प्रांताचा विस्तृत इतिहास सिद्ध केला. महालाविषयी आज जे निश्चितपणे सांगता येते, त्याचा मोठा भाग या कागदांतून आलेला आहे.

राजधानी, आग आणि गिरणी

तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास विक्रीसाठी गेले. हत्ती, घोडे आणि बैल लिलावात निघाले. भोसले घराण्याला पुढे देऊरचे राजे ही पदवी मिळाली, परंतु महाल राजधानीचा गाभा राहिला नाही. २ नोव्हेंबर १८६१ रोजी मध्यप्रांताची निर्मिती झाली तेव्हा नागपूर पुन्हा राजधानी झाले. मात्र नव्या सत्तेची कार्यालये आणि बंगले सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे उभे राहिले आणि शहराचे दोन भाग पडले. एकीकडे रुंद रस्त्यांची, झाडांनी वेढलेली सिव्हिल लाइन्स. दुसरीकडे गल्लीबोळांची, दाट वस्तीची जुनी पेठ.

१८६४ साली दोन घटना घडल्या. नागपूर नगरपालिका स्थापन झाली आणि त्याच वर्षी भोसल्यांचा राजवाडा आगीत जळाला. काळ्या पाषाणावर उभे केलेले लाकडाचे ते कोरीव काम नष्ट झाले. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये त्या प्रासादाचे केवळ महाद्वार उरले असल्याची नोंद आढळते. जिच्यावरून पेठेला नाव मिळाले ती वास्तू अशा रीतीने गेली, आणि तरीही पेठ राहिली. महालाच्या जतनाचा विचार करताना ही घटना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. राजवाड्याच्या आधाराने वाढलेली वस्ती राजवाड्याशिवाय पुढे जवळजवळ दीड शतकाहून अधिक काळ जगली, कारण तेथे माणसे राहत होती, व्यवहार करीत होती, देवळांत जात होती, सण साजरे करीत होती.

१८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपुरास पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांनी जुम्मा तलावाजवळ एम्प्रेस मिल सुरू केली. कापसाच्या प्रदेशातच कापडाची गिरणी काढण्याचा तो विचार त्या काळी धाडसाचा होता. गिरणीमुळे गिरणगाव वसले आणि तलावाकाठच्या पेठांचे स्वरूप पालटले. तीच गिरणी एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या जागेवर आता व्यापारी संकुल आणि निवासी इमारती उभ्या आहेत. मध्य भारताच्या औद्योगिक इतिहासाचे इतके मोठे स्मारक दुसरे नव्हते, आणि ते गेले तेव्हा फार कमी लोकांनी त्याकडे वारसा म्हणून पाहिले. कारखाना हाही इतिहास असतो ही जाणीव उशिरा रुजली.

नागपूरची लोकसंख्या १९०१ मध्ये १,२७,७३४ होती. २०११ मध्ये ती २४,०५,६६५ झाली. शहर वाढू लागले तशी दाट पेठांतून मोकळी वाट काढण्याची गरज भासू लागली. १९३६ च्या कायद्यान्वये नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला आणि त्याच्या योजनांतून सेंट्रल ॲव्हेन्यू हा रुंद रस्ता जुन्या शहरातून गेला. रहदारीची सोय झाली, परंतु पूर्वी एकमेकींत मिसळलेल्या पेठांमध्ये एक रुंद पट्टाही पडला.

वाडा आणि वस्ती

महालाचे खरे वैशिष्ट्य एखाद्या भव्य इमारतीत नाही, तर वाड्यांच्या समूहात आहे. रस्त्याला लागून उंच जोते, मोठ्या दरवाजात लहान दिंडी, आत चौक, चौकात आड आणि तुळशीवृंदावन, चहूबाजूंनी लाकडी खांबांची ओसरी, वर माडी, आणि ओसरीत बंगई, असा हा वाडा असे. उन्हाळ्यात नागपूरचे ऊन अंगाची लाही करते, तेव्हा चौकातून वर जाणारी गरम हवा आणि जाड मातीच्या भिंती घर थंड ठेवीत. या रचनेत हवामानाचे ज्ञान सामावलेले होते. चिटणवीस वाडा हा अशा प्रतिष्ठित वाड्यांपैकी एक आहे, आणि चिटणीस पार्कच्या नावात अशाच एका जुन्या हुद्द्याची आठवण टिकून आहे. कल्याणेश्वराचे आणि रुक्मिणीचे मंदिर, कोतवाली, बडकस चौक, केळीबाग, टाउन हॉल ही नावे उच्चारली की पेठेचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. जुन्या शुक्रवारीत भोसले राजांच्या समाध्या आहेत.

या पेठेचा विसाव्या शतकातील सार्वजनिक जीवनाशीही निकटचा संबंध आला. १९२५ साली राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना याच भागात झाली आणि त्याचे मुख्यालय महालातच आहे. सभा, व्याख्यानमाला, आखाडे आणि वाचनालये यांनी येथील चौक गजबजलेले असत.

पेठेचे सण तिच्या इमारतींपेक्षा अधिक चिवट ठरले. पितृपक्षात भोसल्यांच्या वाड्यात बसणारा हडपक्या गणपती ही नागपूरची आगळी परंपरा आहे. मोहिमेवरून परतणाऱ्या भोसले सरदाराला गणेशोत्सव चुकला म्हणून तो नंतर बसविण्यात आला, अशी कथा सांगितली जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा असतो आणि त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक जुन्या शहरातून निघते. काळ्या मारबतीची प्रथा १८८१ पासून आणि पिवळ्या मारबतीची १८८५ पासून चालत आल्याचे सांगतात. रोगराई आणि अनिष्ट प्रवृत्ती गावाबाहेर घालविण्याचा हा लोकविधी आहे. बडग्यांच्या रूपाने त्यात दर वर्षी चालू घडामोडींवर टीकाही होते.

नेमक्या याच दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात गोटमार भरते. एकाच तिथीचे हे दोन विधी असे पन्नास कोसांच्या आत नांदत आहेत. गोटमारीत आजवर अनेकांना गंभीर इजा झाल्या आहेत आणि काहींचे प्राणही गेले आहेत. तिचे स्वरूप सौम्य करण्याचे प्रयत्न प्रशासनाने वेळोवेळी केले. वारशाच्या चर्चेत हे उदाहरण टाळता येत नाही. परंपरेने चालत आलेली प्रत्येक गोष्ट आहे तशी राखावी, असा जतनाचा अर्थ नव्हे. मारबतीने काळाबरोबर आपले विषय बदलले आणि ती टिकली. काय राखावे आणि काय बदलावे, याचा निर्णय समाजाला डोळसपणे घ्यावाच लागतो.

१९५६ ची सीमारेषा

१९५६ पर्यंत छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ आणि १९३६ साली सुरू झालेले नागपूरचे उच्च न्यायालय ही छिंदवाड्यातील विद्यार्थी, वकील आणि पक्षकार यांची ओळखीची ठिकाणे होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला आणि त्या राज्याची राजधानी भोपाळ झाली. नागपूरने एका दिवसात राजधानीचे पद गमावले. सौसर-पांढुर्ण्याच्या मराठी भाषकांची सांस्कृतिक राजधानी परराज्यात गेली.

या घटनेचा एक परिणाम जतनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. देवगड एका राज्यात आणि महाल दुसऱ्या राज्यात, अशी एकाच इतिहासाची दोन टोके दोन शासनांच्या अखत्यारीत गेली. नागपूरचे अभ्यासक तटाच्या आतील इतिहासात रमले. देवगडाची चर्चा जिल्ह्याच्या पर्यटनापुरती राहिली. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसरचा त्यात समावेश झाला. नव्या जिल्ह्याला आपला इतिहास नव्याने मांडण्याची ही संधी आहे, आणि त्या मांडणीत देवगड व महाल हे दोन्ही येणे उचित ठरेल.

जतनाचा प्रश्न

वारसावास्तूंच्या रक्षणासाठी नागरी नियम करण्याचा पायंडा मुंबईने १९९५ साली पाडला. नागपूरसाठी २००३ मध्ये दीडशेहून अधिक वास्तूंची सूची मान्य झाली आणि त्यांची श्रेणी ठरविण्यात आली. त्या वास्तूंत फेरफार करण्यापूर्वी वारसा समितीचे मत घेणे बंधनकारक झाले. हा टप्पा महत्त्वाचा होता यात शंका नाही. तरीही त्यानंतरच्या वर्षांत महालातील वाडे एकामागून एक पडत राहिले. या पडझडीमागे केवळ बेपर्वाई आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पहिले कारण वारसाहक्काचे आहे. तीन-चार पिढ्यांनंतर एका वाड्याचे वीस-पंचवीस हिस्सेदार होतात. त्यांतील निम्मे पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असतात. छपराची कौले बदलावयाची तरी खर्च कोणी करावा हे ठरत नाही. दुसरे कारण भाड्याचे आहे. १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशाखाली विदर्भातील जुनी भाडी गोठली. २००० सालापासून नवा कायदा लागू झाला, परंतु तोवर कित्येक वाड्यांची स्थिती दुरुस्तीपलीकडे गेली होती. महिन्याच्या भाड्यात एक तुळई बदलता येत नसेल, तर मालकाने वाडा राखावा ही अपेक्षा पोकळ ठरते. तिसरे कारण रस्त्यांचे आहे. केळीबाग रस्त्यासारख्या अरुंद बाजाररस्त्यांवर अग्निशामक गाडीही सहज जाऊ शकत नाही, म्हणून रुंदीकरण हाती घेतले जाते आणि त्यात पेठेचे जुने दर्शनी भाग जातात. रहिवाशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे. १८६४ ची आग ज्या पेठेने पाहिली, तिला तरी हे सांगावयास नको.

अशा स्थितीत केवळ सूची करून आणि मनाई करून पेठ वाचत नाही. मालकाला वास्तू राखण्यात काही लाभ दिसला पाहिजे. मुंबईच्या नियमांत वारसावास्तूच्या मालकाला आपले न वापरलेले विकासहक्क अन्यत्र विकण्याची तरतूद आहे. अहमदाबादच्या तटबंदीतील जुन्या शहराला २०१७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथील पोळांमध्येही लोक राहतात, दुकाने चालतात, आणि संपूर्ण वस्तीच वारसा म्हणून गणली गेली आहे. महालाच्या बाबतीत हाच विचार अधिक लागू पडतो, कारण येथे एकेका वास्तूपेक्षा वस्तीची वीण मोलाची आहे. चार वाडे रंगवून त्यांना कुलूप घातले, तर ती वीण राहणार नाही. त्याऐवजी दहा वाड्यांत खानावळ, शिकवणी, छोटे कार्यालय, वाचनालय असे उपयोग सुरू झाले, तर छप्पर आपोआप दुरुस्त होते.

जुम्मा दरवाजाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शहराचा तट गेला, त्याचे दगड कुठे गेले याचा हिशोब नाही. दरवाजा मात्र राहिला, कारण त्याच्याखालून रोज माणसे जात-येत होती, त्याच्या नावाने पत्ते सांगितले जात होते आणि नव्या काळाने त्याला गांधींचे नाव दिले. उपयोगात राहिलेली गोष्ट टिकते, हा धडा त्याने दिला आहे.

ग्रंथालयांचे काम

दगड आणि लाकूड यांच्या रक्षणाला शासन, पैसा आणि कायदा लागतो. कागदाचे रक्षण मात्र गावोगावची ग्रंथालये करू शकतात. सौसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा येथील जुन्या घरांच्या माळ्यावर वह्या, दस्त, लग्नपत्रिका, इतवारीच्या दुकानांच्या पावत्या, नागपुरात शिकणाऱ्या मुलांनी घरी लिहिलेली पत्रे, रेल्वेच्या प्रवासाची आणि पोळ्याची छायाचित्रे पडून आहेत. एका वाड्याची पावती त्याच्या मालकाच्या वंशजाने टाकून दिली असेल, पण तिची दुसरी प्रत गिऱ्हाईकाच्या घरी सापडू शकते. महालाचा इतिहास असा सीमेपलीकडेही विखुरलेला आहे. मोडी वाचणारी पिढी विरळ होत चालली असताना ही कागदपत्रे गोळा करणे, त्यांची सूची करणे आणि वाचून घेणे हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. ज्येष्ठ सभासदांच्या आठवणी, नॅरोगेज गाडीच्या, बस्त्याच्या, महालातील नातलगांच्या घरच्या मुक्कामाच्या, नोंदवून ठेवल्यास त्यांतूनही पेठेचे जे चित्र उभे राहील, ते कोणत्याही वारसासूचीत सापडणार नाही.

आणि या कामाचा आरंभ देवगडापासून व्हावा. किल्ल्यावर नगारखान्याचे अवशेष आहेत, मोती टाके आहे, पडक्या भिंती आहेत. परिसरातील काही जुन्या बावड्यांतील गाळ अलीकडच्या वर्षांत काढण्यात आला आणि त्यांत पुन्हा पाणी दिसू लागले. महालातील राजवाड्याचेही शेवटी महाद्वारच उरले होते. एका राजधानीचा नगारखाना डोंगरावर आणि दुसरीचे द्वार पेठेत, यांच्यामध्ये झेरघाटाची ही गावे वसलेली आहेत. देवगडाहून नागपूरकडे राजधानी गेली तेव्हा ज्या वाटा वापरात आल्या, त्यांच्याच आसपास पुढे रेल्वेची स्थानके झाली आणि बाजार वाढले. त्या वाटांवरील गावांच्या ग्रंथालयांत या दोन्ही टोकांची पुस्तके, नकाशे आणि कागद एका कपाटात ठेवले जावेत. नागपूरला जाणाऱ्या पुढच्या पिढीतील वाचकाने गांधी गेटखालून जाताना तेथे क्षणभर थांबून मागे, देवगडच्या दिशेने पाहिले, तर त्या कपाटाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.